आज काय सापडलं?

माझ्या सासऱ्यांना नेदरलँड्समधलं फारसं काही आवडलं नाही. पुलांचं तेवढं सोडून.

चहा पांचट, ब्रेड गार, माणसं उंच आणि सदा घाईत. त्यात सगळा मुलूख इतका सपाट की, त्यांच्या शब्दांत, नजर टेकवायला एक टेकडी नाही. जन्म साताऱ्यात गेलेल्या माणसाला हे जाचायचंच. पण आल्मेरेतल्या आमच्या घराजवळ एक उघडझाप करणारा पूल आहे. उंच डोलकाठीची होडी आली की घंटा वाजायला लागते, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी आडवे दांडे खाली येतात आणि रस्त्याचा एक तुकडा सरळ आकाशाकडे तोंड करून उभा राहतो. सायकलवाले पाय टेकून थांबतात. त्या सायकलवाल्यांच्या गर्दीत स्वेटर-मफलर घातलेले माझे सासरे रोज उभे असायचे. होडी गेली, पूल मिटला, गर्दी पांगली, तरी हे तिथेच. पुढची होडी येईल म्हणून.

आणि नेमकं माझं काम त्या पुलांचंच आहे. आता पुलाशेजारच्या खोलीत पूल उघडायला माणूस बसत नाही. तो लांब कुठेतरी पडद्यासमोर बसतो, कॅमेऱ्यात बघतो आणि बटण दाबतो. त्या पडद्यामागचं सॉफ्टवेअर आमची कंपनी लिहिते. मी टेस्टर. म्हणजे बाकीचे लिहितात आणि मी ते कसं मोडता येईल ते बघते. लोकांना वाटतं हे दुय्यम काम आहे. मला कधीच तसं वाटलं नाही. पूल उघडताना एखादा दांडा वर राहिला तर काय होईल, हे लिहिणाऱ्याच्या आधी मला सुचायला हवं, आणि ते सुचलं की मला आतून उकळी फुटते. माझ्या खाष्ट स्वभावाला साजेसं काम आहे, असं माझा नवरा म्हणतो. तो मागून म्हणतो, समोर नाही.

तर बाबा आले ते वसंतात, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि साताऱ्याला दीर-जाऊबाईंकडे त्यांचं सगळं नीट चाललं होतं. पण मुलगा काय करतो ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी आले. मला जरा धाकधूक होती. लग्नानंतर महिन्याभरातच आम्ही इकडे आलो. त्यामुळे सासरे म्हणजे माझ्यासाठी सुट्टीत भेटणारे, कमी बोलणारे, पेपर वाचणारे गृहस्थ. तीन महिने एका घरात म्हणजे काय बोलायचं?

पहिल्याच संध्याकाळी मी ऑफिसमधून आले, सायकल लावली, आत शिरले, तर ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काय गं, आज काय सापडलं?"

मी बूट काढता काढता थांबले. हे मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात नियम होता, घर घरी आणि ऑफिस ऑफिसात. नियम मीच केला होता आणि नवऱ्याकडून तो काटेकोरपणे पाळूनही घेत होते. पण बाबांना कुठे माहीत नियम! ते उभी हयात छापखान्यात मशीनवर. मशीन सुरू केलं की पहिला कागद उजेडात धरायचा, डोळ्यांत तेल घालून चूक शोधायची आणि मगच पुढचे हजारो कागद सोडायचे. चूक वेळेत सापडण्यातली मजा त्यांना ठाऊक होती. म्हणून त्यांनी 'कसा गेला दिवस' असं विचारलं नाही. 'काय सापडलं' असं विचारलं.

आणि मी नियम मोडला. त्या दिवशी एक झकास चूक सापडली होती. दांडे खाली येत असताना माणसानं 'थांबा' दाबलं आणि लगेच पुन्हा 'चालू' दाबलं, तर दांडा अर्धवटच राहायचा आणि पडद्यावर मात्र 'रस्ता बंद' असं दिसायचं. हे तोंडानं सांगून कळणार नाही, म्हणून मी पोळपाट घेतला. तो पूल. लाटणं हा दांडा. ताटात पाणी, त्यात आमटीची वाटी ही होडी. सायकलवाला म्हणून लसणीची पाकळी. लाटणं अर्ध्यावर अडलं, पोळपाट उभा राहिला आणि लसणीची पाकळी घरंगळत ताटातल्या पाण्यात. बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

नाटकात 'वन्स मोअर' मिळालेल्या नटाचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा रंगवून. दुसऱ्या खेपेला पाकळीनं पडताना हातही वर केले.

मग ते रोजचंच झालं. मी आले की "आज काय सापडलं?", मग पोळपाट, मग "पुन्हा सांग". सापडलेलं काही नसेल तर मी ऑफिसातली माणसं सांगायचे. मीटिंगमध्ये कचाकचा गाजर खाणारा सहकारी, किंवा प्रत्येक वाक्याला मान डोलावून शेवटी 'नाही' म्हणणारा आमचा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. मी त्यांच्या नकला करायचे. नवरा दारात उभा राहून बघायचा. म्हणायचा, "दहा वर्षांत मला यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस." मी म्हणायचे, "तू कधी विचारलंस?" नियम कुणाचा होता ते तो काढायचा नाही, कारण काढलं असतं तर मी भांडले असते.

बाबांच्या काही तऱ्हा होत्या. त्यांची खुर्ची ठरलेली, खिडकीकडे पाठ करून. मला समोर बसवायचे. गोष्ट सुरू करताना गॅसवरची चिमणी चालू असेल तर बंद करायला लावायचे, म्हणे तिच्यानं डोकं उठतं. ढगाळ संध्याकाळ असेल तर दिवा लावायला सांगायचे. मी फोडणी देता देता सुरुवात केली तर हात वर करून थांबवायचे. "असं पाठ करून गोष्ट सांगतात होय? हातातलं संपव, इथे येऊन बस आणि मग सांग." मला काय वाटलं असेल? वाटलं, जगात एक माणूस आहे, जो माझ्या कामाची गोष्ट देवासमोर बसल्यासारखी बसून ऐकतो. मी भरून पावले.

त्याचा परिणाम ऑफिसात दिसायला लागला. सकाळची गाडी मला आवडायला लागली, उभं राहून जावं लागलं तरी. चूक सापडली की आधी मनात यायचं, बाबांना सांगायला हवं. मग ती चूक मी मुळापासून खणायचे, कारण अर्धवट कळलेलं पोळपाटावर मांडता येत नाही. गाजरवाल्याचं गाजरसुद्धा मला सहन व्हायला लागलं, उलट त्यानं एखाद्या दिवशी आणलं नाही तर चुकचुकल्यासारखं व्हायचं. एकदा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, तू गुणगुणतेस हल्ली. मी म्हटलं, छे. पण खरं होतं ते.

जूनअखेरीला ते गेले. विमानतळावर आत जाताना वळून म्हणाले, "पुलाचं सांगत जा गं." मी म्हटलं, "रोज फोन करीन." आणि मी केलाही. स्टेशनवरून सायकल हातानं ढकलत घरी चालत येताना, फोन कानाला लावून. पण पलीकडे कुणी वेगळाच माणूस असल्यासारखं वाटायचं.

"बाबा, आज काय झालं माहितेय का? ते दोन दिवे होते ना, लाल..."

"हं. हं. बरं."

"अहो ऐका तरी. लाल दिवा लागतो, पण..."

"बरं बरं. जेवलीस का? हे घे, हिच्याशी बोल." आणि फोन जाऊबाईंच्या हातात.

पहिल्यांदा वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मग वाटलं, टीव्ही बघत असतील. एकदा मी एक अख्खी गोष्ट सांगितली, महिन्यातली सगळ्यात भारी, आणि शेवटी श्वास रोखून थांबले. तर ते म्हणाले, "हो, इकडेही बराच पाऊस झाला." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे इथे होते तेव्हा वेळ जात नव्हता, म्हणून ऐकत होते. परदेशात करमणूक काय, तर सून. आता आपली माणसं मिळाली, आपला कट्टा मिळाला, आता कोण विचारतो पुलाला?

मी रागावले की बोलणं बंद करते. ते माझं माहेरचं वळण आहे. मी पुलाचं सांगणं सोडलं. रोजचा फोन आठवड्यावर गेला आणि "काय, बरे आहात ना? औषधं घेता ना?" एवढ्यावर आला. नवरा म्हणाला, "अगं, बाबांना फोनवर बोलायला आवडतच नाही. माझ्याशी तरी कुठे बोलतात?" मी म्हटलं, "तू त्यांचा मुलगा आहेस. मी त्यांची..." आणि पुढे मला शब्द सापडला नाही.

आता खरी गंमत सांगते, जी तेव्हा गंमत वाटत नव्हती. मला ऑफिस आवडेनासं झालं. एकदम नाही. आधी खुर्ची टोचायला लागली. मग खिडकीतून वारा यायला लागला. मग गाजर. मीटिंगमध्ये मध्येच सगळे डचमध्ये घसरतात, ते आधीही घसरायचे, पण आता मला तो अपमान वाटायला लागला. चूक सापडली की उकळी फुटायच्या ऐवजी चीड यायची. कुणी लिहिलंय हे गचाळ काम, आणि मी का म्हणून जन्मभर दुसऱ्यांचं निस्तरायचं? चूक नोंदवायची, बंद करायची, पुढची. तोंडाची चव गेल्यावर जेवण करतात तसं मी काम करत होते. पोट भरत होतं. दिवस लहान होत गेले, साडेचारलाच अंधार पडायला लागला, आणि माझी खात्री पटली की टेस्टिंग हे माझ्या लायकीचं कामच नव्हे.

त्याच सुमारास दुसऱ्या विभागात कोऑर्डिनेटरची जागा निघाली. पुलांशी संबंध नाही. मीटिंगा ठरवायच्या, कुणाचं काम कुठे अडलंय ते विचारायचं, रंगीत तक्ते करायचे. मी लगेच नाव दिलं. माझी जागा घ्यायला एक जण टपूनच होता. एकदा उठले असते तर पूल मला परत मिळाले नसते, हे मला स्वच्छ माहीत होतं. मला त्याचं काहीही वाटत नव्हतं, आणि आज मागे वळून बघताना भीती वाटते ती याचीच.

माझी मॅनेजर माझ्याहून थोडी मोठी, डच, केस कायम वाऱ्यानं विस्कटलेले. तिनं सांगितलं, "शुक्रवारपर्यंत पक्कं कळव. पण आधी माझ्याबरोबर एक चक्कर मार." इथे महत्त्वाचं बोलायचं असेल तर खोलीत बसत नाहीत, जेवणाच्या सुट्टीत कालव्याच्या कडेनं चालायला नेतात. त्याला ओम्मेच्ये म्हणतात. म्हणजे छोटासा फेरफटका. पण नोव्हेंबरच्या वाऱ्यात तो छोटा वाटत नाही.

थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "घरी सगळं ठीक आहे?"

मी ताठ झाले. आपल्याकडे घरचं ऑफिसात काढणं म्हणजे काय ते हिला काय कळणार! "उत्तम," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. चालत चालत स्वतःचंच सांगायला लागली. तिचा घटस्फोट झाला त्या वर्षी तिला ऑफिसातलं कॉफीचं मशीन सहन होईना. कॉफी कडू लागते, मशीन आवाज करतं, दुधाला वास येतो. तिनं तक्रारी करून करून ते मशीन बदलायला लावलं. नवीन मशीन आलं. "आणि मला त्याचा आणखीच राग यायला लागला," ती म्हणाली. "जुनं मशीन आता वरच्या मजल्यावर आहे. मी गुपचूप तिथे जाऊन कॉफी घेते. चांगली असते."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

"हे काम तुला शेवटचं कधी आवडलं होतं?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यात."

"तेव्हा काम वेगळं होतं?"

"नाही."

"मग काय वेगळं होतं?"

"आमच्याकडे सासरे राहायला आले होते," मी म्हणून गेले आणि लाजून मेल्यासारखं झालं. काम सोडायच्या गोष्टी करणाऱ्या बाईनं द्यायचं हे उत्तर? पण ती हसली नाही. तिनं फक्त मान हलवली आणि म्हणाली, "बुधवारी उइटहॉर्नजवळच्या पुलावर चाचणी आहे. ती तुझीच आहे. ती कर आणि मग शुक्रवारी सांग."

परतीच्या गाडीत मी तिच्यावर धुमसत होते. माझ्या कामाचा आणि सासऱ्यांचा काय संबंध? आल्मेरे येईपर्यंत मी हे मनात इतक्या वेळा म्हटलं, की संबंध असल्याशिवाय कुणी एवढं म्हणत नाही.

बुधवारी थंडी कडक होती, पण ऊन स्वच्छ पडलं होतं. अशा दिवसाला इथे सोनं समजतात. लांबच्या कंट्रोल रूममध्ये सहकारी बटण दाबणार आणि मी काठावर उभी राहून सांगणार की दांडा खरंच खाली आला, दिवा खरंच लागला. सकाळी एक चूक सापडली. सुंदर होती. एका बाजूचा दांडा वर जायला जरा उशीर करायचा, आणि तोवर दुसऱ्या बाजूचे सायकलवाले सुटून पुलावर येऊन समोरच्या बंद दांड्याशी अडकायचे. माझ्या मनात काहीही हललं नाही. मी ती नोंदवली आणि हात खिशात घातले.

जेवणाच्या सुट्टीत मी काठावरच्या बाकावर डबा उघडला, तेवढ्यात वाळू वाहणारी एक बोट आली. पूल आमच्यासाठी नाही, तिच्यासाठी उघडणार होता. आणि मला वाटलं, एवढं जवळून बाबांनी कधी पाहिलं नाही. जातेच आहे सोडून, तर एकदा शेवटचं दाखवून टाकू. मी व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्याला चार-साडेचार वाजले असतील. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते.

"अगं!" त्यांचा चेहरा उजळला. "पूल!"

घंटा सुरू झाली. ती अशी कानाशी वाजते की बोलणंच खुंटतं. त्यांना त्रास नको म्हणून मी फोनचा माइक बंद केला आणि कॅमेरा पुलाकडे फिरवला. दांडे आले, रस्ता उभा राहिला, बोट गेली, रस्ता पुन्हा आडवा झाला. मग मी कॅमेरा माझ्याकडे वळवला. ऊन तोंडावर येत होतं. आणि का कोण जाणे, मी सकाळची चूक सांगायला लागले. एक हात हा दांडा, दुसरा हात तो दांडा, डब्यातली मुळ्याची फोड म्हणजे सायकलवाला.

"हं," बाबा म्हणाले. "मग?... अरे, हा लवकर आला की! ... अडकला!" ते हसत होते. जूनमध्ये हसायचे तसे, चष्मा काढून. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. माझं नाक गारठ्यानं लाल झालं होतं, शेजारून जाणारा कुत्रेवाला माणूस बघत होता, आणि मी मुळ्याच्या फोडीला सायकल चालवायला लावत होते. किती दिवसांनी मला माझं काम आवडलं. आवडलं म्हणजे अगदी छातीत जाणवलं.

आणि मग मला पडद्यावर ते चिन्ह दिसलं. माइकवर काट मारलेली. मी तो चालूच केला नव्हता.

दोन्ही वेळा सांगितलेल्या गोष्टीतला एकही शब्द साताऱ्याला पोचला नव्हता. आणि बाबांनी "मग?" बरोबर जागी विचारलं होतं.

टेस्टरला एक सवय असते. एकदा दिसलं म्हणजे चूक सापडली असं होत नाही, ती पुन्हा करून बघावी लागते. मला ती करायची नव्हती. तरी मी माइक चालू केला, कॅमेरा पाण्याकडे वळवला, माझा चेहरा दिसणार नाही असा, आणि मोठ्यानं, स्पष्ट म्हणाले, "बाबा, मला तुमची फार आठवण येते."

"छान आहे," पलीकडून आवाज आला. "पाणी अगदी संथ आहे."

मग एकेक आठवायला लागलं. खिडकीकडे पाठ केलेली ती खुर्ची, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर. ढगाळ दिवशी लावायला लावलेला दिवा. चिमणी, जिच्या घरघरीत उरलंसुरलं ऐकू येणंही बुडायचं. 'इथे येऊन बस आणि मग सांग.' आणि ते 'पुन्हा सांग', ज्याला मी तीन महिने वन्स मोअर समजून मुजरे करत होते. छापखान्यातला उभ्या जन्माचा तो धडधडाट. मग रोज संध्याकाळी रस्त्यानं चालत, फोन कानाला लावून त्यांना सगळं सांगणारी मी, आणि 'ऐकत नाहीत' म्हणून रुसलेलीही मीच.

मी कॅमेरा माझ्याकडे वळवला. डोळे पुसायचं भान राहिलं नाही.

"रडतेस काय?" त्यांनी विचारलं. "काय सापडलं?"

"बाबा," मी सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

ते गालात हसले, चोरी पकडली गेल्यावर हसतात तसे. "सापडलं का? मला वाटलं होतं, तिथे असतानाच सापडेल. घाबरूनच होतो मी. म्हटलं, हिचा धंदाच तो आहे."

"का नाही सांगितलंत?"

"थोडं येतं गं. अगदीच नाही असं नाही." ते चष्म्याच्या काचा पुसायला लागले, पुसलेल्याच. "सांगितलं असतं तर तू ओरडून बोलली असतीस. आणि थोडं बोलली असतीस. बहिऱ्या माणसाला लोक कामापुरतं सांगतात. जेवायला चला. औषध घ्या. तू मला सगळं बिनकामाचं सांगायचीस. गाजरवाल्याचं. इथे मला गाजरवाल्याचं कोण सांगतंय?"

औषधं घेता ना, हे मीही विचारत होतेच की. महिनोन्‌महिने, तेवढंच.

शुक्रवारी मी मॅनेजरला सांगितलं की मी टेस्टिंगमध्येच राहते. तिनं विचारलं, "कामात काही बदललं?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "छान," आणि वरच्या मजल्यावर कॉफी प्यायला मला बरोबर घेऊन गेली. कॉफी काही एवढी चांगली नव्हती, पण मी तसं बोलले नाही. पूर्वी बोलले असते.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत. मी फोनवर बोलताना इकडेतिकडे फिरत असतो." त्यानं भावाला फोन केला. बाबांनी आधी आढेवेढे घेतले, मग दिरांनी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं आणि कानाला यंत्र बसवून आणलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, दिवा जवळ ओढला आणि पोळपाट-लाटणं मांडलं. नवरा शेजारी येऊन बसला, हलायचं नाही अशा बोलीवर. पलीकडे बाबा, कानात यंत्र, चेहरा जरा गोंधळलेला.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. पहिल्यांदाच मी बोलत असताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"आणखी बोल," ते म्हणाले.

"काय बोलू? आज ऑफिसात..."

"असा आहे होय तुझा आवाज," ते म्हणाले. "मला वाटलं होतं जरा गोड असेल."

नवरा इतक्या जोरात हसला की डबा हलून फोन पडला. मी तो पुन्हा उभा केला. बाबांनी आता डोळे उघडले होते.

"पुलाचं नंतर," ते म्हणाले. "आधी एक सांग. तुमच्या लग्नात तू उखाणा घेतलास. सगळा मांडव हसला. सगळे हसले म्हणून मीही हसलो. काय होता गं तो?"

मला दहा वर्षांपूर्वीचा तो मांडव आठवला, पहिल्या रांगेत टोपी सरळ करत हसणारे सासरे आठवले. मी लाटणं खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या नावाचा तो खट्याळ उखाणा, पदर नसताना पदर सावरत, पुन्हा घेतला.

ते हसले. या वेळी उखाण्यावरच हसले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

"का? नीट ऐकू आला नाही?"

"आला की," ते म्हणाले. "म्हणूनच."